‘नवी औषधे’ : एका संवादाची चिकित्सा – ‘अ ब्यूटिफुल माइंड’, ‘देवराई’ आणि छिन्नमनस्कतेवरील औषधोपचाराचे वास्तव

प्रस्तावना

छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनिया या आजाराची ओळख सर्वसामान्य सुशिक्षितांना वैद्यकीय ग्रंथांपेक्षा कलाकृतींतून अधिक प्रमाणात झालेली आहे. रॉन हॉवर्ड दिग्दर्शित ‘अ ब्यूटिफुल माइंड’ (२००१) आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘देवराई’ (२००४) हे चित्रपट या संदर्भात विशेष उल्लेखनीय ठरतात. पहिल्या चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर पुरस्कार मिळविले आणि एका गणितज्ञाच्या मनोव्याधीची कथा जगभर पोहोचविली. दुसऱ्याने हाच आजार कोकणातील घर, आमराई आणि देवराईच्या परिसरात आणून मराठी प्रेक्षकासमोर ठेवला.

या दोन्ही चित्रपटांवर अभिनय, दिग्दर्शन व रुग्णाचे भावविश्व या अंगांनी बरेच लेखन झाले आहे. तथापि कलाकृती औषधाविषयी काय सांगते आणि ते कितपत खरे आहे, हा प्रश्न समीक्षेत सहसा दुय्यम मानला जातो. वस्तुतः रुग्णाच्या कुटुंबाला रोज भेडसावणारा प्रश्न तोच असतो. गोळी द्यायची की थांबवायची, ती किती गुण देईल, तिच्यासाठी काय गमवावे लागेल, याचा निर्णय घरात घेतला जातो. आणि असा निर्णय घेणारी माणसे चित्रपटही पाहतात. म्हणूनच ‘अ ब्यूटिफुल माइंड’मधील औषधविषयक एका लहानशा संवादाची चिकित्सा उपलब्ध संशोधनाच्या आधारे करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संवादाचे स्वरूप आणि चरित्रातील वस्तुस्थिती

चित्रपटाच्या अखेरच्या भागात, १९९४ साली, नोबेल पुरस्काराच्या संदर्भात भेटावयास आलेल्या गृहस्थाशी जॉन नॅश बोलत आहेत. आपण आता नवी औषधे घेतो, तरीही नसलेल्या गोष्टी आपल्याला अजून दिसतात, अशा आशयाचे उद्गार रसेल क्रो यांनी साकारलेला नॅश काढतो. वाक्य क्षणात निघून जाते. पण प्रेक्षकाच्या मनात कार्यकारणभावाची साखळी पूर्ण करते. जुनी औषधे क्लेशदायक होती, नवी आली, प्रतिभावंत सावरला आणि पुरस्कारापर्यंत पोहोचला, असा बोध त्यातून होतो.

चरित्रातील वस्तुस्थिती मात्र भिन्न आहे. सिल्व्हिया नासर यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ज्या चरित्रावर चित्रपट आधारलेला आहे, त्यानुसार नॅश यांनी १९७० नंतर मनोविकारावरील औषधे घेतलीच नाहीत. त्यांच्यात सुधारणा झाली ती पुढील दीड-दोन दशकांत, हळूहळू. १९९४ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा ते औषधाविना जगत होते. त्या साली ‘नवी औषधे’ म्हणण्याजोगी औषधे अमेरिकेत दोनच होती. क्लोझापिनला १९८९ मध्ये आणि रिस्पेरिडोनला १९९३ च्या अखेरीस तेथील औषध प्रशासनाने मान्यता दिली होती. म्हणजे त्या वाक्यात नॅश यांच्या वाट्याला न आलेल्या औषधांना त्यांच्या बरे होण्याचे श्रेय मिळते.

पटकथाकार अकिव्हा गोल्ड्समन यांच्या या बदलामागील कारण म्हणून एक काळजी सांगितली जाते. चित्रपट पाहून रुग्णांनी औषधे सोडून देऊ नयेत, ही ती काळजी होय. ती अनाठायी नाही. प्रश्न एवढाच, की सद्हेतूने सांगितलेल्या असत्याने औषधाची बाजू बळकट होते की दुबळी?

कलास्वातंत्र्याची मर्यादा

चरित्रपट म्हणजे चरित्र नव्हे, हा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो अंशतः मान्य करावा लागेल. उदाहरणार्थ, प्रत्यक्षात नॅश यांना आवाज ऐकू येत असत. चित्रपटाने त्यांचे रूपांतर डोळ्यांना दिसणाऱ्या व्यक्तींमध्ये केले. हे रूपांतर माध्यमाच्या गरजेतून आले आहे. त्यामुळे भासाची सत्यवत प्रतीती प्रेक्षकाला स्वतः घेता येते आणि पुढे फसगत झाल्याचा धक्काही त्याला बसतो. येथे तपशील बदलला तरी अनुभवाचे सत्य टिकून राहते.

औषधविषयक वाक्याचे तसे नाही. त्यातून व्यक्तिरेखेविषयी नवे काही उलगडत नाही किंवा कथानकही पुढे सरकत नाही. ते नॅशच्या मुखातून उच्चारले जात असले तरी प्रेक्षकगृहातील रुग्णाला उद्देशून आहे. त्याचे स्वरूप उपदेशाचे आहे. उपदेश करणारे विधान कलास्वातंत्र्याचा आश्रय घेऊ शकत नाही. त्याला खरेखोटेपणाची कसोटी लावावीच लागते.

विशेष म्हणजे याच चित्रपटात औषधाविषयीचा सर्वांत प्रामाणिक भागही आहे. गोळ्या सुरू झाल्यावर नॅशला गणित सुचत नाही, पत्नीच्या जवळिकीला प्रतिसाद देता येत नाही, मूल रडत असता काय करावे ते कळत नाही. तो गोळ्या लपवू लागतो. आजार उलटतो आणि न्हाणीघरातील टबात बाळ बुडण्याच्या बेतात येते. रुग्ण औषध का सोडतो आणि सोडल्यावर काय होऊ शकते, या दोन्ही गोष्टी या दृश्यमालिकेत समान न्यायाने येतात. रुग्णाला हटवादी ठरवून ती मोकळी होत नाही. अखेरचा संवाद मात्र हे संतुलन मोडतो.

इन्सुलिनपासून क्लोरप्रोमाझिनपर्यंत : पुराव्याचा धडा

औषधाचे मूल्य ठरवताना रुग्ण बरा झाल्याचे दिसणे पुरेसे नसते, हे नॅश यांच्या स्वतःच्या उपचारांवरून स्पष्ट होते. १९६१ साली ट्रेंटन येथील सरकारी रुग्णालयात त्यांना इन्सुलिन देऊन वारंवार बेशुद्ध करण्यात आले. व्हिएन्नातील मॅनफ्रेड साकेल यांनी १९३० च्या दशकात रूढ केलेली ही पद्धती अनेक वर्षे प्रभावी मानली जात होती. तथापि १९५७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात इन्सुलिनने आणलेली बेशुद्धी आणि बार्बिट्युरेटने आणलेली बेशुद्धी यांची तुलना करण्यात आली. दोहोंच्या परिणामांत फरक आढळला नाही. रुग्णांना लाभ होत असेल, तर तो इन्सुलिनचा नव्हता. शुश्रूषा, लक्ष आणि आशा यांचा वाटा त्यात अधिक असावा, असा निष्कर्ष त्यातून निघतो. हा अभ्यास प्रसिद्ध होऊन चार वर्षे लोटली होती, तरी नॅश यांना तोच उपचार मिळाला.

दरम्यान १९५२ साली पॅरिसच्या सेंट-अ‍ॅन रुग्णालयात जाँ डेले आणि पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू केला होता. या औषधाने आणि त्यानंतर आलेल्या त्याच्या भावंडांनी मनोरुग्णालयांचे रूप पालटले. मेंदूतील डोपामिन या रसायनाचे कार्य रोखणे हे या सर्व औषधांचे समान सूत्र आहे. भास आणि भ्रम त्यामुळे ओसरतात. मात्र उत्साहाचा अभाव, भावनांचा कोरडेपणा आणि विचारशक्तीतील मंदपणा यांवर त्यांचा प्रभाव अल्प असतो. अंग ताठरणे, हातपाय कापणे, तसेच दीर्घकाळ वापरानंतर जीभ-ओठांच्या अनैच्छिक हालचाली हे दुष्परिणामही याच कार्यपद्धतीशी निगडित आहेत.

आकडे काय सांगतात

औषध किती गुणकारी आहे, या प्रश्नाचे उत्तर प्लासिबोशी केलेल्या तुलनेतून मिळते. प्लासिबो म्हणजे दिसावयास औषधासारखी, परंतु औषधी द्रव्य नसलेली गोळी. स्टेफान लॉइख्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सहा दशकांतील १६७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात २८,००० हून अधिक रुग्णांचा समावेश होता. आजाराच्या तीव्र अवस्थेत औषध घेणाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांमध्ये किमान सुधारणा दिसली. प्लासिबो घेणाऱ्यांत हे प्रमाण ३० टक्के होते. चांगली म्हणता येईल अशी सुधारणा अनुक्रमे २३ व १४ टक्क्यांमध्ये आढळली. याचा अर्थ औषधाचा गुण निश्चित आहे, पण सर्वांना आणि सारखा नाही. शंभरांतील जवळपास निम्म्यांना पहिल्या औषधाने किमान सुधारणाही जाणवत नाही.

आजार उलटू न देण्याच्या बाबतीत औषधाची कामगिरी अधिक ठळक आहे. याच संशोधकांच्या २०१२ मधील आढाव्यात ६५ चाचण्यांचा समावेश होता. औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी २७ टक्के रुग्णांचा आजार सुमारे वर्षभरात उलटला. औषध काढून प्लासिबोवर ठेवलेल्यांत हे प्रमाण ६४ टक्के होते. दर शंभर रुग्णांमागे ३७ जणांची पुनरावृत्ती टळते, हा लाभ वैद्यकातील कोणत्याही मापाने मोठा आहे. याच आकड्यांची दुसरी बाजूही पाहावी लागते. औषध घेऊनही शंभरांतील २७ जणांचा आजार उलटला आणि औषधाविना ३६ जणांचा त्या काळात उलटला नाही. हे ३६ जण कोण, हे आधी ओळखण्याचे साधन आजही उपलब्ध नाही. औषध थांबविण्याच्या निर्णयातील खरा धोका येथे आहे.

आता ‘नवी’ या विशेषणाकडे वळू. नवे म्हणजे अधिक गुणकारी, ही धारणा १९९० च्या दशकात सर्वत्र दृढ झाली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने अर्थसाहाय्य केलेल्या ‘केटी’ या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ५७ केंद्रांवरील १,४९३ रुग्णांचा त्यात सहभाग होता. पर्फेनाझिन हे जुने औषध आणि चार नवी औषधे यांची तुलना करण्यात आली. १८ महिन्यांच्या कालावधीत ७४ टक्के रुग्णांनी पहिले औषध सोडले अथवा ते बदलावे लागले. ओलान्झापिन त्यातल्या त्यात अधिक काळ घेतले गेले, तरी तेही ६४ टक्क्यांच्या बाबतीत बंद झाले. शिवाय त्याने वजनवाढ आणि चयापचयातील बिघाड अधिक होत असल्याचे दिसले. अन्य नवी औषधे पर्फेनाझिनपेक्षा सरस ठरली नाहीत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश ‘कटलास’ चाचणीतही नव्या औषधांमुळे जीवनमान अधिक उंचावल्याचे आढळले नाही.

या चित्रात क्लोझापिन हा अपवाद आहे. जॉन केन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये इतर औषधांना दाद न देणाऱ्या २६८ रुग्णांवर चाचणी केली. सहा आठवड्यांत क्लोझापिन घेणाऱ्यांपैकी ३० टक्के, तर क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्यांपैकी अवघे ४ टक्के रुग्ण सुधारले. परंतु हे औषध त्या वेळी ‘नवे’ नव्हते. पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटल्यामुळे १९७५ साली फिनलंडमध्ये काही रुग्ण दगावले आणि ते अनेक देशांत मागे पडले होते. रक्ताच्या नियमित तपासणीच्या अटीवर ते परतले. सर्वांत गुणकारी औषध हेच सर्वांत जास्त देखरेख मागते, ही बाब लक्षणीय आहे. डोपामिनचे कार्य थेट न रोखणारे पहिले औषध, झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम यांचे संयुक्त औषध, अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये संमत झाले. त्याने वेगळी दिशा दाखविली आहे; पण ‘केटी’चा धडा लक्षात घेता नवेपणालाच गुण समजण्याची घाई टाळणे इष्ट ठरेल.

औषधाविना बरे होणे : नॅश आणि इतर

नॅश यांचे उदाहरण अगदीच एकाकी नाही. शिकागो येथे मार्टिन हॅरो आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचा १५ वर्षे मागोवा घेतला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्या टप्प्यावर औषध न घेणाऱ्या छिन्नमनस्कतेच्या रुग्णांपैकी ४० टक्के, तर घेणाऱ्यांपैकी ५ टक्के सावरलेल्या अवस्थेत होते. या आकड्यांवरून औषधच आजार लांबविते, असे अनुमान काढणे सोपे आहे. परंतु ते सदोष ठरेल. ज्यांचा आजार मुळात सौम्य, तेच औषध सोडू शकतात आणि ज्यांचा तीव्र, त्यांना ते घ्यावेच लागते, ही शक्यता अशा निरीक्षणात्मक अभ्यासात दूर करता येत नाही.

चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने गट पाडून केलेल्या अभ्यासांची साक्षही एकमुखी नाही. नेदरलँड्समधील लेक्स वुंडरिंक यांच्या १०३ रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या झटक्यानंतर मात्रा कमी करण्याचा वा औषध थांबविण्याचा प्रयत्न झालेल्या गटातील ४०.४ टक्के रुग्ण सात वर्षांनी पूर्णतः सावरले होते. औषध नेमाने चालू ठेवलेल्या गटात हे प्रमाण १७.६ टक्के होते. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. उलटपक्षी, दीर्घकाळच्या रुग्णांमध्ये मात्रा क्रमाने कमी करून पाहणाऱ्या ब्रिटिश ‘रडार’ चाचणीत (२०२३) दोन वर्षांनी सामाजिक व्यवहारात कोणताही लाभ दिसला नाही. गंभीर पुनरावृत्ती मात्र १३ टक्क्यांऐवजी २५ टक्क्यांमध्ये झाली. एकंदरीत, औषध आयुष्यभर सर्वांना लागतेच असेही नाही आणि ते निर्धोकपणे सोडता येते असेही नाही. निर्णय व्यक्तीगणिक, वैद्यकीय देखरेखीखाली आणि सावकाशीने घ्यावा लागतो.

चित्रपटाने या गुंतागुंतीला दोन सोपे पर्याय दिले आहेत. मध्यभागात नॅश इच्छाशक्तीच्या बळावर भासांकडे दुर्लक्ष करावयास शिकतो आणि अखेरीस नव्या औषधांचा उल्लेख येतो. पहिल्यातून मनोधैर्य असलेला बरा होतो, आणि जो होत नाही तो दुबळा, असा क्रूर अर्थ निघू शकतो. दुसऱ्यातून बाजारात नवी गोळी आली की प्रश्न मिटला, असा भाबडा अर्थ निघतो. खऱ्या नॅश यांच्या बाबतीत मात्र तिसरीच गोष्ट प्रकर्षाने जाणवते. १९६३ मध्ये घटस्फोट झाला असूनही अ‍ॅलिशिया यांनी १९७० साली त्यांना आपल्या घरात आसरा दिला. प्रिन्स्टनच्या परिसराने फळ्यावर गूढ आकडेमोड करीत हिंडणाऱ्या या माणसाला सामावून घेतले. त्यांच्या बरे होण्याचे हे सिद्ध झालेले कारण आहे, असे म्हणता येणार नाही. पण औषधाविना गेलेली ती वर्षे ते ज्या आधारावर जगले, तो आधार हाच होता.

‘देवराई’ : औषधाभोवतीचे घर

आजाऱ्याभोवतीच्या या आधाराला केंद्रस्थान देणारी कलाकृती मराठीत ‘देवराई’च्या रूपाने निर्माण झाली, ही महत्त्वाची गोष्ट आहे. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे संस्थापक आणि कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांचे पाठबळ या चित्रपटाच्या निर्मितीमागे होते. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला शेष हा प्रतिभावंत विजेता नाही. त्याच्या आजाराला पुरस्काराची भरपाई मिळत नाही. सोनाली कुलकर्णी यांनी साकारलेली बहीण सीना हिच्या दृष्टीतून आजाराचा घरावर पडणारा भार उलगडतो. उपचार आहे, डॉक्टर आहेत. पण बरे होण्याचे सारे श्रेय कथा गोळीच्या पदरात टाकत नाही. आजार समजून घेणे, दोष न देणे, माणसाला कामात आणि नात्यात धरून ठेवणे या गोष्टी औषधाच्या बरोबरीने येतात.

या दृष्टीला पुढे संशोधनाचा आधार मिळाला. गोवा, सातारा आणि तमिळनाडूतील कांचीपुरम येथे झालेल्या ‘कोप्सी’ या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २८२ रुग्णांपैकी काहींना रुग्णालयातील नेहमीचे उपचार मिळाले; इतरांना त्यांच्या जोडीला प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन मार्गदर्शन, कुटुंबाला आधार आणि औषध नियमित घेण्यास साहाय्य दिले. वर्षअखेरीस दुसऱ्या गटातील लक्षणे आणि अक्षमता अधिक कमी झाल्या. हा फरक माफक होता आणि संशोधकांनी तो माफक म्हणूनच नोंदविला. घराच्या आधारालाही चमत्काराचे रूप न देण्याचा हा संयम कलाकृतींनी आणि त्यांच्या समीक्षेनेही अंगीकारावा असा आहे.

निष्कर्ष

‘अ ब्यूटिफुल माइंड’मधील ‘नवी औषधे’ हा उल्लेख रुग्णांच्या काळजीतून आला असला, तरी त्याने औषधाची बाजू दुबळीच केली आहे. नॅश यांनी औषध घेतले नव्हते, हे सत्य उघड होणे अटळ होते. आणि ते कळल्यावर रुग्णाच्या किंवा नातेवाइकाच्या मनात जी शंका येते ती केवळ चित्रपटापुरती राहत नाही. ‘येथे खोटे सांगितले, तर औषधाच्या गुणाविषयीही खोटेच सांगितले असेल’ या विचाराने तो औषधापासून दूर जाऊ शकतो. ज्या परिणामाच्या भीतीने वाक्य घातले गेले, तोच परिणाम ते घडवून आणू शकते.

वास्तविक औषधाला असत्याच्या आधाराची गरज नाही. पुनरावृत्तीचे ६४ विरुद्ध २७ टक्के हे प्रमाण स्वतःच पुरेसे बोलके आहे. तितक्याच स्पष्टपणे हेही सांगावयास हवे, की पहिली गोळी अनेकांना लागू पडत नाही, बहुतेकांना औषध बदलावे लागते, दुष्परिणाम खरे असतात आणि क्लोझापिनसारखा पर्याय उपलब्ध असताना निराश होण्याचे कारण नसते. हे सांगणाऱ्यावर रुग्ण विश्वास ठेवतो आणि औषध टिकण्याची शक्यता त्या विश्वासात असते.

महाविद्यालयीन वर्गांत हे चित्रपट दाखविताना शिक्षकाने या संवादापाशी थांबणे म्हणूनच आवश्यक आहे. वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी हाच आजार असण्याची शक्यता कोणत्याही वर्षी नाकारता येत नाही. त्याला प्रतिभेच्या विजयाची कथा क्षणभर दिलासा देईल. परंतु घरी गेल्यावर गोळीची वेळ झालेली असेल आणि भाऊ किंवा आई ती नको म्हणत असेल. तेव्हा उपयोगी पडेल ते औषधाच्या गुणांचे आणि मर्यादांचे यथातथ्य ज्ञान. ते त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे वैद्यकाप्रमाणेच साहित्य आणि चित्रपट शिकविणाऱ्यांचेही कर्तव्य ठरते.